'बिशपांनी समिती नेमली आहे, थोडं थांबा': थांबायचं का?

प्रश्न एका आईचा आहे. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा वेदीसेवक आहे, म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, फादरांना मदत करतो. धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या समाजातल्या) सहायक फादरांनी आपल्याशी काय केलं, ते त्याने तीन आठवड्यांपूर्वी घरी सांगितलं. आईवडील प्रमुख धर्मगुरूंना भेटले. तिथून निरोप आला की बिशपांनी चौकशी समिती नेमली आहे, अहवाल येईपर्यंत पोलिसांत जाऊ नका, चर्चची बदनामी होईल आणि मुलाचंही नाव खराब होईल. आई विचारतात, किती दिवस थांबायचं? आणि बिशप हाऊसमध्ये आत नेमकं चालतं काय?

पहिल्याचं उत्तर: एकही दिवस नाही. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, पण ते समजून घेतलंत तर पहिलं उत्तर असं का, तेही कळेल.

मी वीसेक वर्षं वकिली करते, त्यातली बरीचशी पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, खटल्यांत, मुलांच्या बाजूने. मध्ये काही वर्षं एका धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या, अशाच समितीवर प्रापंचिक (धर्मगुरू नसलेली) सदस्य म्हणून बसले होते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसून झालं आहे.

आधी देशाचा कायदा. पॉक्सो २०१२ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे आणि तो मुलगा-मुलगी भेद करत नाही. कलम १९ म्हणतं, बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. यात 'आधी अंतर्गत चौकशी करून खात्री पटल्यास' असं कुठेही लिहिलेलं नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. बिशप म्हणतात, 'मी फादरांना वडिलांच्या ठिकाणी आहे, वडील मुलाला पोलिसांत कसे देतील?' हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. कायद्याच्या नजरेत ते वडील नाहीत, संस्थेचे प्रमुख आहेत. आणि धार्मिक संस्थेतल्या माणसाने त्याच संस्थेत बालकावर बलात्कार केला असेल तर कायदा तो गुन्हा जास्त गंभीर धरतो, कमी नाही.

'कळलं' म्हणजे नेमकं काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला २०१८ चा, केरळमधल्या कोट्टियूर प्रकरणातला. एका धर्मगुरूच्या अत्याचारातून अल्पवयीन मुलीला मूल झालं आणि प्रसूती झालेल्या रुग्णालयातले डॉक्टर वगैरे मंडळी 'का कळवलं नाही' म्हणून आरोपी झाली. न्यायालयाने त्यांना सोडलं. ज्याच्यापर्यंत माहिती आली आहे त्याने ती कळवायची, स्वतः शोध घेत बसण्याचं बंधन त्याच्यावर नाही, असं न्यायालय म्हणालं. दुसरा निकाल २०२२ चा, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचा. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. तुमच्या प्रमुख धर्मगुरूंना तुम्ही स्वतः, समोर बसून सांगितलं आहे. म्हणजे त्यांना कळलेलं आहे. शोध घेण्याची जबाबदारी त्यांची नाही, समितीचीही नाही. कळवण्याची मात्र आहे.

आता आतलं. चर्चचा स्वतःचा कायदा आहे, त्याला कॅनन लॉ म्हणतात. तक्रार आली की बिशपांनी कलम १७१७ प्रमाणे 'प्राथमिक चौकशी' उघडायची. निनावी पत्र आलं तरी ते निनावी आहे म्हणून केराच्या टोपलीत टाकायचं नाही, असं व्हॅटिकनच्या २०२० च्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट आहे. एक चौकशी अधिकारी नेमायचा आणि एक नोंद करणारा नोटरी. या चौकशीचा प्रश्न इतकाच असतो: तक्रारीत तथ्य असू शकेल का? दोषी की निर्दोष हे ठरवण्याचा अधिकार या टप्प्यावर समितीला नाही. 'समितीने फादरांना क्लीन चिट दिली' असं कोणी म्हणालं तर ते प्रक्रियेबद्दलचं अज्ञान आहे किंवा लबाडी.

चौकशीत काहीही निघो, कागदपत्रं बिशपांच्या मतासह रोमला जायला हवीत. व्हॅटिकनच्या श्रद्धातत्त्व विभागाकडे, ज्याला सगळे डीडीएफ म्हणतात. अल्पवयीनांवरचे हे गुन्हे स्थानिक बिशपांच्या हातातून काढून रोमकडे राखून ठेवण्याचा निर्णय पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००१ मध्ये घेतला. पुढे काय करायचं ते तिथे ठरतं: रीतसर खटला, की प्रशासकीय मार्गाने निर्णय, की आणखी चौकशी. अतिगंभीर आणि स्पष्ट प्रकरण थेट पोपपुढे ठेवून धर्मगुरूपद काढून घेता येतं. या गुन्ह्यासाठी धर्मगुरूला चर्च कायद्यात यापेक्षा मोठी शिक्षा नाही. तुरुंग चर्चच्या हातात नाही, साक्षीदाराला समन्स काढून आणणारा हवालदार नाही, फोन जप्त करून तपासणारी प्रयोगशाळाही नाही. समिती जेव्हा 'आम्ही बघतो' म्हणते तेव्हा तिच्याकडे बघायला काय साधनं आहेत, हे एकदा विचारून पाहा.

एक दृश्य सांगते. एका प्रकरणात मुलाला समितीपुढे बोलावलं होतं. बिशप हाऊसची बैठकीची खोली, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, टेबलावर चहा आणि क्रीमची बिस्किटं. समोर पाच मोठी माणसं, तिघे पांढऱ्या झग्यात. मुलगा शाळेतून थेट आलेला, दप्तर मांडीवर. पहिला प्रश्न विचारला गेला, 'बाळा, फादर तुला आवडायचे ना?' मुलाने मान हलवली. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, मुलाला मोकळं करायचं होतं. पण नोटरीने लिहिलं, 'मुलाने फादरांविषयी आदर व आपुलकी व्यक्त केली.' अडीच वर्षांनी तो कागद बचाव पक्षाच्या वकिलाने कोर्टात बाहेर काढला आणि त्या एका वाक्यावर मुलाची उलटतपासणी अर्धा तास चालली. मी त्या दिवसानंतर समितीत सांगायला लागले की पोलिसांपुढे जबाब होईपर्यंत आपण मुलाला काहीही विचारायचं नाही. दोघांना पटलं, इतरांना ते समितीवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं.

पॉक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकारी घेतात, अंगावर गणवेश नसतो, आणि आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही याची काळजी घ्यायची असते. मग मॅजिस्ट्रेटपुढे जबाब होतो. आणि तुमच्या समितीने 'एकदा समोरासमोर बसवून मिटवू' असं सुचवलं असेल तर सरळ नाही म्हणा. घरातही मुलाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. एकाने ऐकावं आणि त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून वहीत लिहून ठेवावं.

खबरदारीचे उपाय हा वेगळा मुद्दा, आणि खरं तर बिशपांची परीक्षा इथेच होते. कॅनन लॉच्या कलम १७२२ खाली चौकशीच्या पहिल्या दिवसापासून ते फादरांना सेवेतून बाजूला करू शकतात, ठरावीक जागी राहायला किंवा राहू नये असं सांगू शकतात, सार्वजनिक मिस्सा अर्पण करायला मनाई करू शकतात. ही शिक्षा नव्हे, त्यामुळे 'अजून सिद्ध कुठे झालंय' ही सबब इथे लागू होत नाही. याऐवजी होते ती बदली. व्हॅटिकनच्या त्याच पुस्तिकेत शब्दच आहेत की धर्मगुरूला नुसतं दुसऱ्या जागी हलवलं म्हणजे प्रश्न सुटला असं समजणं टाळा.

ही सूचना कुठून आली, ते अमेरिकेतल्या बोस्टनचं नाव घेतल्याशिवाय कळणार नाही. २००२ च्या जानेवारीत तिथल्या वर्तमानपत्राने दाखवून दिलं की एका धर्मगुरूविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी असताना त्याला एका चर्चमधून दुसऱ्यात हलवत राहिले, आणि नव्या गावच्या लोकांना काही सांगितलं नाही. त्याच डिसेंबरमध्ये कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपद सोडावं लागलं. पुढे अमेरिकन बिशपांनीच करवून घेतलेल्या २००४ च्या अभ्यासात १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाल्याचं नोंदलं गेलं, त्या काळातल्या एकूण धर्मगुरूंच्या सुमारे चार टक्के. मला त्या आकड्यापेक्षा बदलीच्या आदेशातली भाषा जास्त बोलकी वाटते. आपल्याकडच्या एका फाइलमध्ये मी वाचलेलं कारण होतं, 'प्रकृती अस्वास्थ्य'. गावाने त्या फादरांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला होता. फोटोत मागे तक्रार केलेलं कुटुंबही उभं होतं, कारण न येणं म्हणजे गावाला सगळं सांगितल्यासारखं झालं असतं.

मुंबईचं उदाहरणही समोर आहे. गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये २०१५ साली तेरा वर्षांच्या मुलावर चर्चच्या आवारात अत्याचार झाला. कुटुंब चर्चच्या वरिष्ठांनाही भेटलं, आणि पोलिसांकडेही गेलं. विशेष पॉक्सो न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली. तेव्हाचे मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी २०१९ मध्ये बीबीसीपाशी मान्य केलं की अशा तक्रारी अधिक चांगल्या रीतीने हाताळता आल्या असत्या. त्याच महिन्यात व्हॅटिकनमध्ये याच विषयावर जगभरच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांची बैठक झाली आणि तिच्या आयोजकांत ते स्वतः होते. खटल्याला सहा वर्षं लागली हेही लक्षात घ्या. कायद्यात 'शक्यतो एक वर्षात' लिहिलं आहे, ते 'शक्यतो' फार ताणलं जातं. पण जे काही मिळालं ते पोलिसांच्या वाटेने गेल्यामुळे मिळालं.

व्हॅटिकनमधल्या त्या बैठकीनंतर, २०१९ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' हा नियम काढला. 'तुम्ही जगाचा प्रकाश आहात', मत्तयच्या शुभवर्तमानातलं वाक्य. २०२३ मध्ये तो कायमचा झाला. तुमच्या कामाच्या गोष्टी त्यात चार आहेत. कोणत्याही फादरांना किंवा धर्मभगिनींना अशी गोष्ट कळली तर त्यांनी ती वरिष्ठांना कळवणं बंधनकारक. तक्रार घ्यायला प्रत्येक धर्मप्रांतात लोकांना सहज पोहोचता येईल अशी व्यवस्था हवी. पीडिताला आणि कुटुंबाला उपचार, समुपदेशन, आधार द्यायचा. आणि तक्रारदारावर, पीडितावर, साक्षीदारावर गप्प राहण्याचं बंधन घालता येत नाही. म्हणजे 'हे बाहेर बोलणार नाही' अशा कागदावर सही मागितली असेल तर ती मागणी चर्चच्याच नियमाविरुद्ध आहे. केलीच असेल सही तर घाबरू नका, पॉक्सोचा गुन्हा अशा कागदाने मिटत नाही. शिवाय देशाच्या कायद्याने कळवण्याची जी जबाबदारी आहे तिला या नियमाने धक्का लागत नाही, असं त्यातच म्हटलं आहे. कोणी 'पोपच्या गुप्ततेचं बंधन आहे' म्हणालं तर सांगा, या प्रकरणांपुरतं ते २०१९ च्या डिसेंबरमध्ये उठवलं गेलं.

गुप्ततेवरून आठवलं. प्रत्येक बिशप हाऊसमध्ये एक गुप्त दप्तर असतं आणि कॅनन लॉ सांगतो की त्याची किल्ली फक्त बिशपांकडे असावी. प्राथमिक चौकशीचे कागद पुढे खटल्याला लागले नाहीत तर तिथे जातात. नैतिक गुन्ह्यांच्या ज्या प्रकरणांत आरोपी मरण पावला किंवा शिक्षेचा निकाल लागून दहा वर्षं झाली, त्यांचे कागद दर वर्षी नष्ट करायचे, थोडक्यात हकिकत आणि निकालपत्र तेवढं ठेवायचं, असाही नियम आहे. तो काही कोणा खलनायकाने लिहिलेला नाही, जुना आहे. पण म्हणून तुमच्या प्रत्येक पत्राची शिक्का मारलेली प्रत तुमच्याकडे हवी. मी एकदा आवक नोंदवही मागितली तेव्हा तक्रारीच्या तारखेच्या पानावर लग्नाचे दाखले, बाप्तिस्म्याच्या प्रती, वीजबिल असं सगळं नोंदलेलं होतं. ते पत्र नव्हतं. ते 'फादरांच्या हातात दिलं होतं'.

पापनिवेदनाबद्दल पुष्कळ जण विचारतात. मुलाने किंवा तुम्ही हे पापनिवेदनात सांगितलं असेल तर ते ऐकणारा धर्मगुरू मरेपर्यंत कोणाला सांगू शकत नाही, चर्चचा तो सर्वांत कडक नियम आहे. पॉक्सोत त्याला सूट नाही, आणि या दोघांची टक्कर कशी सोडवायची यावर वकिलांमध्ये न संपणारे वाद होतात. तुम्ही त्या वादात पडू नका. तीच गोष्ट बाहेर येऊन, कार्यालयात, दिवसाढवळ्या, दुसऱ्या कोणाला तरी सोबत घेऊन सांगा. मग गुप्ततेचा प्रश्न उरत नाही. चांगले फादर स्वतःच तसं सुचवतात.

आणखी एक गोष्ट, जिच्यात चांगली माणसं महिना-दोन महिने घालवतात. हे सहायक फादर धर्मप्रांताचे आहेत की एखाद्या संघाचे? जेझुइट, सालेशियन वगैरे संघांतल्या फादरांचे वरिष्ठ त्यांचे प्रोव्हिन्शियल असतात. मग बिशप हाऊस म्हणतं 'त्यांच्या प्रोव्हिन्शियलना लिहा' आणि प्रोव्हिन्शियल म्हणतात 'ते तर बिशपांच्या धर्मग्रामात काम करतात'. पत्र दोघांना एकदम पाठवा. आरोप बिशपांवरच असेल तर वाट वेगळी, तिथे महाप्रांताच्या (आसपासचे धर्मप्रांत मिळून होणाऱ्या विभागाच्या) आर्चबिशपांमार्फत रोमशी संपर्क होतो. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

फादर निर्दोष असतील तर? हा प्रश्न विचारणारे सगळेच झाकपाक करणारे नसतात. निर्दोष धर्मगुरूलाही पोलीस तपासच वाचवू शकतो, कारण समितीच्या क्लीन चिटवर गावात कोणी विश्वास ठेवत नाही. कुजबुज पुढच्या धर्मग्रामात त्याच्याआधी पोहोचते. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर कलम १९ खाली कारवाई होऊ शकत नाही, आणि बालकाने दिलेली माहिती खोटी ठरली तरी बालकाला शिक्षा नाही.

गावाचं काय, त्याला मात्र माझ्याकडे कायद्याचं कलम नाही. मिस्सेनंतर लोक तुमच्याशी बोलायचे थांबतील. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलाच्या शेजारची जागा रिकामी राहील. मुलाचं नाव छापणं किंवा व्हॉट्सअॅपवर फिरवणं गुन्हा आहे, आणि तसं झालं तर स्क्रीनशॉट काढून पोलिसांना द्या. समुपदेशनाचा खर्च धर्मप्रांताकडे लेखी मागा, ती मेहेरबानी नाही. पण धर्मप्रांताने नेमलेल्या समुपदेशकाकडे मुलगा काय बोलला ते बिशपांपर्यंत जाणार का, हे आधी विचारा. मी शक्यतो बाहेरचा समुपदेशक सुचवते.

आता क्रम. आज पोलीस ठाण्यात जा. हद्दीचा प्रश्न काढला तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवायला सांगा. एफआयआरची प्रत तिथेच फुकट मिळते. नोंदवायलाच नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि बालकल्याण समितीकडे जा. मध्यरात्र असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. गुन्हा नोंदल्यावर चोवीस तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचं असतं, तिथे मुलासाठी सहायक व्यक्ती (तपासात आणि खटल्यात सोबत करणारी) मागा. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात होतो, त्यासाठी खटला संपण्याची वाट बघावी लागत नाही.

मग बिशपांना पत्र, एका पानात. मजकूर साधारण असा ठेवा: 'अमुक तारखेला आम्ही प्रमुख धर्मगुरूंना अमुक फादरांविरुद्धची तक्रार सांगितली. अमुक तारखेला पोलिसांत गुन्हा नोंदवला आहे, क्रमांक असा. कृपया लेखी कळवावे: प्राथमिक चौकशीचा आदेश कोणत्या तारखेचा आहे, फादरांवर कोणते खबरदारीचे उपाय लागू केले आहेत, आपण स्वतः पोलिसांना कधी कळवले, आणि कागदपत्रे रोमला पाठवल्यावर आम्हाला कळवाल काय. पोलीस तपास चालू असेपर्यंत आमच्या मुलाला समितीपुढे बोलावू नये.' यात घटनेचं वर्णन घालू नका, ते पोलिसांसाठी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. 'बिशप बाहेरगावी आहेत, मी देतो त्यांना' असं म्हणून कोणी पत्र हातात घेऊ लागलं तर ते परत घ्या आणि कोपऱ्यावरच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवा. पावती मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवा, दोन्ही कोर्टात एकाच दिवशी लागतात.